मावशीचा केसपेपर

सोमवार, १० मार्च

चि. डॉक्टर,

आशीर्वाद. या वेळी एकच. बाकीचे तुझं उत्तर येईपर्यंत राखून ठेवले आहेत.

मंगळवार, ४ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. तक्रारीत आधी तारीख, मग वेळ आणि सगळ्यात शेवटी राग, असं आम्हाला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलं होतं. तर त्या वेळी तुझ्या दवाखान्यातली मुलगी केसपेपर पुढे ओढून मला विचारत होती, "आजी, दमा, बीपी, हृदयाचं काही?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात तू बाहेर आलास.

"अगं, हिला काय विचारतेस? माझी मावशी आहे. हिचं सगळं मला तोंडपाठ आहे."

आत गेल्यावर मी म्हटलं, "केसपेपर राहिला रे."

"तू कुठे पेशंट आहेस, मावशी!" म्हणालास आणि बिस्किटं मागवलीस.

मी कोर्टात स्टेनो होते. 'असं म्हणालोच नव्हतो' हा बचाव माझ्यापुढे चालणार नाही. बाहेर ताटकळलेल्या प्रत्येकाला तो प्रश्न विचारला गेला. मला नाही, कारण मी घरची. आणि मी मूर्खासारखी तेव्हा मिरवत होते.

तोंडपाठ म्हणे! सुट्टीत राहायला यायचास तेव्हा माझा दम्याचा पंप पिचकारी समजून कोणी रिकामा केला होता?

डोळ्यांतला दाब वाढलाय म्हणून तू थेंब दिलेस, सकाळ-संध्याकाळ. आठवड्याभरात छातीत शिट्टी वाजू लागली. जिना चढताना कठड्याला लोंबकळायची पाळी आली. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. तुला फोन केला तर, "वय झालं मावशी, आता सगळं सावकाश." माझ्या लेकीने विचारलं, तिलाही तेच. चौकातला प्रकार त्यानंतरचा. तो पुढे लिहिते.

त्या प्रकारानंतर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नाडी धरली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "औषधं कोणती घेता?" मी सगळी सांगितली, थेंब सोडून. डोळ्यातलं डोळ्यात राहतं, अशी माझी समजूत. त्यांनीच खोदून विचारलं, बाटली मागवली. म्हणाले, थेंब नाकावाटे उतरून रक्तात जातात, नाडी मंदावते, आणि दमा असणाऱ्याला हे द्यायचेच नसतात. "तुमचा दमा त्या डॉक्टरांना माहीत नव्हता?" मी विषय बदलला. तुझी अब्रू राखली, हे लक्षात ठेव.

त्यांनी लगेच डोळ्यांच्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाईंनी दोन पानं भरून प्रश्न विचारले, थेंब बदलले, आणि घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दाबून धरायलाही शिकवलं. या थेंबांनी पापण्यांचे केस वाढतात, असं त्यांनी आधीच सांगितलंय. सत्तरीत वाढू देत! जिना आता पुन्हा जिना झालाय.

आता चौक. नातीला शाळेतून आणत होते. रस्त्याच्या मधोमध पाय गेले. तिचा हात माझ्या हातातून सुटला. मग ब्रेकचा आवाज. डोळे उघडले तेव्हा ती माझी चप्पल छातीशी धरून गाडीवाल्याला सांगत होती, "थांबा, माझी आजी उठतेय."

तिला ओरखडाही नाही. पण लेक म्हणाली, "आई, तुझा दोष नाही, वयच आहे. दादाच म्हणाला." मी वाद घातला नाही. भांडकुदळ म्हणून ओळखली जाणारी मी! मलाही ते पटलं होतं.

आता थेंबांचं सांगते तर तिला वाटतं, नात सोडवत नाही म्हणून आई सबबी शोधतेय. शनिवारी संध्याकाळी ती नातीचं नाव पाळणाघरात घालायला जाणार आहे.

काल आम्ही तिघी तोच रस्ता ओलांडत होतो. नातीने आईचा हात धरला आणि मला म्हणाली, "आजी, तू आईचा दुसरा हात धर."

मला माफी नको, फोन नको, बिस्किटांचा डबा तर अजिबात नको. तुझ्या दवाखान्याच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी, माझ्या लेकीच्या नावाने पत्र हवं: मी दम्याचं विचारलं नाही, मावशी पडली ती थेंबांमुळे, वयामुळे नाही. शनिवार, १५ मार्च, दुपारी बारापर्यंत हातात पडलं पाहिजे. नाहीतर सव्वाबाराला मी तुझ्या आईला फोन लावीन. ताईला अजून यातलं काही माहीत नाही.

तुझी,
पेशंट