मागच्या खोलीतलं पाणी

कसामा,
४ ऑक्टोबर १९९९

चि. लोंबे हिस,
कसोंदेमामाचे आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या मामीचे, आमच्या चिसांगाच्या आईचे, गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे.

रेल्वेतून निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा एन्डोलाचं घर भाड्याने द्यायला किल्ली तुझ्या हाती दिली. शहरात नवी पाटी लावून बसलेली एजंट माझी सख्खी भाची, म्हटलं काळजी मिटली. भिंतींना ताजा रंगही काढून दिला. आता शेजारचे कपेम्बा लिहितात, तीन बिऱ्हाडं घर बघून गेली आणि तिघांनाही तू दारातच सांगितलंस की पावसाळ्यात मागच्या खोलीत पाणी शिरतं. अगं, तू माझी दलाल आहेस की माझ्याविरुद्धची साक्षीदार? मुलीकडचे लोक मुलगी घोरते म्हणून सांगत फिरतात का?

यापुढे विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलंच तर हसून विषय बदलायचा. आपल्यात मामाचा शब्द शेवटचा असतो, हे तुला नव्याने सांगायला नको.

माया आहे म्हणूनच रागावतो. तुझ्याकडूनही ती आटू देऊ नकोस.
तुझा,
कसोंदेमामा


एन्डोला,
१३ ऑक्टोबर १९९९

ती. मामांस,
लोंबेचा गुडघे टेकून नमस्कार. वि. वि. पत्र पोचलं. मुलीच्या घोरण्यावर मी आणि हे दोघंही पोट धरून हसलो. पण मामा, घोरण्याने कुणाचं लेकरू आजारी पडत नाही.

गेल्या फेब्रुवारीत मी स्वतः त्या खोलीत उभी राहिले आहे. घोट्याच्या वर पाणी होतं आणि त्याला गटाराचा वास होता. कपेम्बांनी कुंपणाची भिंत बांधताना मागचा नाला बुजवला, तेव्हापासूनचं हे आहे. तुम्ही दिलेल्या रंगाखाली फक्त ओलीचा डाग गेला, पाणी कुठेही गेलेलं नाही.

कधी बोलले नाही ते आज सांगते. जुन्या साहेबांच्या एजन्सीत नोकरीला होते तेव्हा भाड्याचं घर दाखवताना एका नर्सबाईंना मी बेधडक सांगितलं होतं की नळाला दिवसभर पाणी असतं. नळ कोरडा होता. चौथ्या दिवशी बाई पाठीला तान्हं बांधून ऑफिसात आल्या, रिकामी बादली माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर मी कधीच विसरले असते. तेव्हापासून भर पावसात न पाहिलेलं घर मी दाखवत नाही आणि पाहिलेलं लपवत नाही.

कपेम्बांशी बोला, नाला मोकळा करा. दोन गवंड्यांचं तीन दिवसांचं काम आहे. मग आठवड्यात भाडेकरू आणते. ते नको असेल तर किल्ली परत घ्या. शब्द तुमचा शेवटचा, पण पाटीवर नाव माझं आहे.

मामींच्या गुडघ्यांना तेल चोळत जा. मनात काही धरू नये.
तुमची भाची,
लोंबे


कसामा,
१ नोव्हेंबर १९९९

लोंबे हिस,
किल्ली सिकोता नावाच्या एजंटाला दिली. चार दिवसांत तेम्बो नावाचा शिंपी बायकामुलांसह राहायला आला. मागच्या खोलीत त्याची शिलाई यंत्रंसुद्धा बसली. सिकोताने पाण्याचं नाव काढलं नाही आणि आभाळ काही कोसळलं नाही. याला धंदा म्हणतात. शिकून घे.

डिसेंबरात तुझ्या थोरलीच्या लग्नाची बोलणी आहेत. घरचा वडील म्हणून तिथे मी बसायचं. बसणार नाही. पाटीवर तुझं नाव आहे ना, मग पाटीच नेऊन बसव.

नवे आशीर्वाद मागू नकोस. आधीचे आहेत ते पुरवून वापर.
कसोंदे


एन्डोला,
१२ नोव्हेंबर १९९९

ती. मामांस सा. न.
दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवते. काल तेम्बोंकडे जाऊन सगळं सांगून आले.

सिकोता आज ऑफिसात येऊन ओरडून गेला. दुसऱ्या एजंटाच्या गिऱ्हाइकाकडे जाणं नियमात बसत नाही, परवाना घालवीन म्हणाला. नियम खरा आहे. मी त्याला म्हटलं, एजंट म्हणून मी गेलेच नव्हते. घरमालकाची भाची म्हणून गेले होते, आणि भाचीला परवाना लागत नाही.

तेम्बो पूर्वेकडच्या जमातीचे, आपल्या बेम्बा जमातीला गमतीने टोमणे मारायचा त्यांचा जुना हक्क. म्हणाले, तुम्हा बेम्बांना लढाईत आम्हाला हरवता आलं नाही म्हणून आता पाण्यात बुडवताय होय! हसले, पण हसत हसतच यंत्रं पुढच्या खोलीत नेली आणि कापडाचे तागे विटांवर चढवले. मुलांची शाळा जवळ आहे, म्हणून घर सोडणार नाहीत.

बोलण्यांच्या वेळी तुमची जागा रिकामी ठेवीन. तिथे दुसऱ्या कुणाला बसवणार नाही. पण तुम्ही बसावं म्हणून कुणाची मुलं ओलीत झोपू देणार नाही.

तुम्ही रागवा, मी नमस्कार करत राहीन.
लोंबे


एन्डोला,
९ फेब्रुवारी २०००

चिसांगाच्या बाबांना,
चिसांगाच्या आईकडून. लोंबे खोटं बोलते का ते बघून ये म्हणून तुम्ही मला पाठवलंत. बघितलं. काल सकाळभर पाऊस होता आणि मी मागच्या खोलीत उभी होते. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. तेम्बोची बायको मला घरमालकीण म्हणून स्टूल पुढे करत होती. लाजेने माझ्याने बसवेना.

मग सिकोताच्या ऑफिसात गेले. जेवायला गेलाय म्हणाले. आणखी दोनदा गेले. दुपारभरात तीनदा जेवतो तो माणूस.

आज सकाळी कपेम्बांकडे गेले. ते म्हणाले, कसोंदेंना येऊ दे, पुरुषांशीच बोलेन. मी त्यांच्या अंगणात चटई टाकून बसले. येणारा जाणारा विचारी, आई इथे का बसलात, आणि मी प्रत्येकाला सविस्तर सांगे. चार वाजता ते म्हणाले, खोला नाला. उद्यापासून गवंडी येतात. त्यांना तुमच्या नावाने बोलावलंय. काम होईपर्यंत तेम्बोने भाडं द्यायचं नाही, हेही तुमच्याच नावाने सांगितलंय.

थोरलीच्या बोलण्यांत तुमची रिकामी जागा पाहुण्यांनी पाहिली. लग्न जूनमध्ये आहे. तुम्ही येणार आहात. विचारत नाही, सांगते आहे.

रागवायचं असेल तर इथे येऊन रागवा. पत्रातून मला नीट ऐकू येत नाही. नाला वाहता होईपर्यंत माझा मुक्काम लोंबेकडेच.

तिने या पत्रात माफीच्या दोन ओळी घालायला हव्या होत्या, असं तुम्हाला वाटेल. मी तिला लिही म्हटलं नाही. आणि तिने लिहिल्या असत्या, तर मी त्या टपालात टाकल्या नसत्या.

तुमचीच,
चिसांगाची आई