हात कमरेच्या वर

९ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

नवी वही, नवं पेन, नवं आयुष्य. ही वही कोणी वाचायची नाही, त्यामुळे इथे फक्त खरं लिहायचं.

आढावा. वय ४४. एकोणीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग, त्यातली शेवटची सहा मॅनेजर. मार्चमध्ये कंपनीने मला काढलं नाही. कंपनीने आमचं डिपार्टमेंट काढलं, मी त्यात होतो. मृणालिनीच्या मते दोन्ही एकच. ती इथे आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्डच्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. माणसं झोपवण्यात हुशार, पण कॉर्पोरेट बारकावे बायकोला कळायचे नाहीत.

निरोपाच्या मेलमध्ये मी दोनशे चौदा जणांना लिहिलं की स्क्रीनसमोर बसणं पुरे झालं, आता माणसाच्या जिवाशी थेट संबंध येईल असं काम करायचं ठरवलं आहे. तसं काही ठरलं नव्हतं, पण वाक्य जमून गेलं. टाळ्यांचे इमोजी आले. मग सहा महिने बॉक्स-रूममध्ये, म्हणजे घरातल्या अडगळीच्या खोलीत, बसून अर्ज पाठवले, खिडकीतून शेजाऱ्यांचे कचऱ्याचे डबे मोजले, आणि शेवटी वॉटरफोर्डातल्याच एका कॉलेजने यंदा काढलेल्या सर्जिकल टेक्नॉलॉजीच्या कोर्सला नाव घातलं. ऑपरेशन चालू असताना सर्जनशेजारी उभं राहून हवं ते हत्यार हव्या त्या क्षणी त्याच्या हातात ठेवायचं. म्हणजे मॅनेजरचंच काम.

संकल्प: वर्गात पहिला. ख्रिसमसच्या आत प्रॅक्टिकल पास. रोज पाच किलोमीटर चालणं.

१० सप्टेंबर

पाऊस. चालणं उद्यापासून.

१२ सप्टेंबर, गुरुवार

वर्गात अकरा जण. माझ्या शेजारी डेक्लन, आधी मटणाच्या फॅक्टरीत होता. बिचाऱ्याला जड जाईल.

आमची शिक्षिका ब्रीडा, तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमधली नर्स. तिने आज निर्जंतुक म्हणजे काय ते शिकवलं. हात धुऊन गाऊन-ग्लोव्ह्ज घातले की आपण निर्जंतुक. मग हात कायम कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. कशालाही शिवायचं नाही, कोणाला शिवू द्यायचं नाही. मी हात वर करून सांगितलं, की हे आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, याला आम्ही सोवळं म्हणतो. दहा मिनिटं बोललो. वर्ग अगदी शांत होता. ब्रीडा म्हणाली, ग्रँड. ती इतरांनाही ग्रँड म्हणते (इथे त्याचा अर्थ ‘ठीक’), पण माझ्या वेळी सूर वेगळा होता.

१६ सप्टेंबर, सोमवार

शनिवारी आई आली, अमरावतीहून. बारा आठवडे राहणार. प्रेसमधले (इथे किचनच्या कपाटाला प्रेस म्हणतात) माझे चहाचे मग खाली गेले, वर तिचे डबे आले. तिने तिकडे सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की हृषी आता ऑपरेशन करतो. मी म्हटलं, करत नाही, मदत करतो. ती म्हणाली, त्यात काय बाप्पा, एकच झालं. दुरुस्ती करणार होतो, पण ती दमली होती.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज प्रथमच पूर्ण पोशाख. टेबलावर पॅट नावाचा रबरी पेशंट. हात छातीसमोर धरून पस्तीस मिनिटं उभा. तिसऱ्या मिनिटाला नाक खाजायला लागलं. खाजवता येत नाही, बसता येत नाही, दाराला हात लावता येत नाही, म्हणजे बाहेरही जाता येत नाही. खोलीला खिडकी नाही.

एक क्षुल्लक प्रकार. सरकताना माझा पाय डेक्लनच्या पायाला लागला. मी पटकन वाकून त्याच्या गुडघ्याला हात लावला आणि तो हात कपाळाला. डेक्लनने विचारलं, हे काय होतं. ब्रीडाने मला बाहेर काढून पुन्हा कोपरापर्यंत हात धुवायला लावले. परत आल्यावर नाक खाजायचं थांबलं होतं, त्यामुळे फायदाच झाला.

३ ऑक्टोबर

ब्रीडाने खास सगळ्यांना सांगितलं (रोख डेक्लनकडे असावा): चूक सगळ्यांची होते. झाली की त्याच क्षणी मोठ्याने सांगायचं, ग्लोव्ह्ज बदलायचे, पुढे चालायचं. सांगितलं तर माफ. लपवलं तर नापास, कारण खऱ्या टेबलावर पॅट नसतो, कोणाची तरी आई असते.

एकोणीस वर्षं मी लोकांच्या चुका शोधून सांगत आलो. मला हे नव्याने शिकायची गरज नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

प्रॅक्टिकल, पहिला प्रयत्न. एकूण तीन मिळतात. हत्यारांची मांडणी अचूक. आठव्या मिनिटाला ब्रीडा माझ्यामागून गेली, माझी टाच तिच्या बुटाला लागली. पुढचं मला आठवत नाही, पण माझा ग्लोव्ह तिच्या बुटावर होता.

खोली फारच अरुंद आहे. कॉलेजला लेखी कळवणार.

२ नोव्हेंबर, शनिवार

इथल्या महाराष्ट्र मंडळाचा दिवाळी कार्यक्रम. फराळ बरा. कॉर्कचे गुरुनाथ सेक्रेटरी आहेत, त्यांनी माइकवरून जाहीर केलं की आपले हृषीकेश आयटी सोडून वैद्यकीय सेवेत उतरले आहेत, चौदा डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात त्यांचा सत्कार आणि भाषण: ‘कीबोर्डकडून कात्रीकडे’. मी नाही म्हणायला उठलो. लोकांना वाटलं अभिवादनाला उठलो. टाळ्या पडल्या. मग खाली बसण्यापूर्वी नमस्कार करणं आलंच.

मृणालिनीने गाडीत विचारलं, की पास झालास का. मी म्हटलं, प्रक्रिया चालू आहे.

१० नोव्हेंबर, रविवार. दुपार

समस्येचं मूळ सापडलं: सवय. उपाय: सराव. किचनमध्ये हात छातीसमोर धरून उभा राहिलो. मृणालिनी चकली खात माझ्या पायाजवळ पाय आणायची, मी लावायचा, आणि हात जागचा हलू द्यायचा नाही. दहापैकी नऊ वेळा हलला. दहाव्या वेळी हलला नाही, पण तेव्हा माझा पाय लागलाच नव्हता असं तिचं म्हणणं.

आई बघत होती. म्हणाली, काहून रे बाप्पा, चांगली सवय मोडून राहिला. मी समजावलं, की आई, हे सोवळ्यासाठीच आहे. ती म्हणाली, सोवळ्यात पाय लागला तर आपण आधी नमस्कार करतो, मग पुन्हा आंघोळ करतो. याला माझ्याकडे उत्तर होतं, पण कुकरची शिट्टी झाली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरा प्रयत्न. चौदा मिनिटं उत्तम. मग डेक्लनचा पाय. ब्रीडाने विचारलं, काही सांगायचं आहे का. मी म्हटलं, नाही. तिने आरसा आणला. मास्कच्या वर, कपाळावर, पॅटच्या खोट्या रक्ताची तीन बोटं. मी म्हटलं, घाम पुसला. त्याने प्रकरण बिघडलं, कारण घामही पुसायचा नसतो.

डेक्लन पहिल्याच प्रयत्नात पास झालेला आहे. त्याच्या हाताला मांसाची सवय, ती गोष्ट वेगळी.

२४ नोव्हेंबर

काल बॉक्स-रूममध्ये बसून विचार केला की कोर्स सोडला तर काय. दोनशे चौदा लोकांना मेल गेलेली. मंडळाचं पत्रक छापून आलं, त्यात माझा फोटो. आईने अमरावतीहून निघण्याआधीच पेढे वाटलेत. मृणालिनीने माझ्या वर्गांसाठी तीन महिने ड्यूट्या उलटसुलट केल्या. मागे जायला जागा नाही आणि पुढे ब्रीडा उभी आहे. घरी राहिलो तर तीच खिडकी. कोणी मला काही मागत नाही, मी कोणाला काही देत नाही. त्या खोलीत मला श्वास पुरत नाही.

हा परिच्छेद हवामानामुळे झाला. चार दिवस ऊन नाही.

१ डिसेंबर, रविवार. सकाळी ११

आईने स्वतःहून सांगितलं, की तुझ्या पोटापाण्याचं आहे ना, मग मला लाव पाय. खुर्चीवर बसली, डोळे मिटले. पहिल्या वेळी माझा पायच उचलेना. मृणालिनीला सांगितलं, पोटरीत गोळा आला. मग लावला. हात गेला. पुन्हा लावला. असं करत करत सव्वीसाव्या वेळी हात जागेवर राहिले. नंतर सलग बारा वेळा. आईच्या पावलाला माझा पाय, आणि माझे हात छातीसमोर, दगडासारखे.

आई म्हणाली, जमलं रे. तिलाही आनंद झाला असावा. नंतर बराच वेळ खोलीत दार लावून जपमाळ घेऊन बसली होती.

स्वतःच्या आईवर ज्याला जमलं त्याला डेक्लनचं काय.

५ डिसेंबर, गुरुवार. सायंकाळी ५

तिसरा प्रयत्न.

अठरा मिनिटं एकही चूक नाही. डेक्लन सर्जन झाला होता. मागेल ते त्याच्या तळव्यात, तो मागायच्या आधी. एकदा तो पुटपुटला, फेअर प्ले, म्हणजे इथलं शाब्बास. मला खरंच वाटलं की हे माझं काम आहे. माझे हात कोणाला तरी लागतात, असं मार्चनंतर पहिल्यांदा वाटलं.

एकोणिसाव्या मिनिटाला तो बाजूला सरला आणि माझा पाय त्याच्या पायावर पडला. डावा हात गेला. फार नाही, मांडीपर्यंत, आणि परत छातीला. अर्धा सेकंद. डेक्लन खाली बघत राहिला.

ब्रीडाने विचारलं, हृषी, तुला मला काही सांगायचं आहे का. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट उरलं होतं. नवे ग्लोव्ह्ज शेजारीच होते. मी म्हटलं, नाही. तिने पुन्हा विचारलं, अगदी मऊ आवाजात. मी म्हटलं, काही नाही.

तिने फाइल मिटली. म्हणाली, सांगितलं असतंस तर ग्लोव्ह्ज बदलून तू ग्रँड होतास. जानेवारीत नवी बॅच आहे, पहिल्यापासून.

डेक्लनने मशीनचा चहा आणून दिला.

घरी सांगितलं की झालं एकदाचं. परीक्षा झाली, या अर्थाने ते खरं आहे. आईने शिरा केला. दोनदा घेतला.

८ डिसेंबर, रविवार. रात्री ८

आईला डब्लिन विमानतळावर सोडून आलो.

सिक्युरिटीच्या रांगेपाशी तिने पर्स खाली ठेवली. नेहमी ठेवते, मी वाकणार, ती आशीर्वाद देणार, म्हणून उजवा हात मोकळा. मी पुढे झालो. तिच्या नव्या स्पोर्ट शूजला माझा बूट लागला, चांगला जोरात. आणि माझे दोन्ही हात वर आले. कोपर अंगाशी, बोटं समोर, कमरेच्या वर, खांद्याच्या खाली. तिथेच राहिले. मी त्यांना सांगत होतो खाली जा. आई एक हात उचलून उभी होती. मागच्या माणसाने ट्रॉली पुढे ढकलली.

तिने तो उचललेला हात माझ्या कोपरावर ठेवला. म्हणाली, असू दे बाप्पा, जमलं नं तुला. आणि पर्स उचलून आत गेली. वळून बघितलं तिने, पण तेव्हाही हात वरच होते, त्यामुळे टाटासुद्धा झाला नाही.

परत येताना मृणालिनी गाडी चालवत होती. किलकेनी आल्यावर म्हणाली, टेक्निक अगदी निर्दोष होतं. आणखी थोड्या वेळाने म्हणाली, तुला मला काही सांगायचं आहे का.

हीटर चालू होता, काचा बंद होत्या, मोटारवेवर गाडी थांबवून उतरायची सोय नसते.

मी म्हटलं, हो. डेक्लनला पाय लागला होता आणि हात गेला होता. विचारल्यावर नाही म्हणालो. नापास आहे. आणि आज पाय लागला आणि हात गेला नाही.

ती म्हणाली, पहिलं मला गुरुवारीच कळलं, तू शिरा दोनदा घेतलास तेव्हा, काही लपवलंस की तू दोनदा घेतोस. आईंनाही कळलं होतं. त्या म्हणाल्या, मी जाईपर्यंत त्याला काही विचारू नको.

आईला फोन करायचा आहे. उद्या दुपारपर्यंत ती विमानात आहे.