टाकीच्या तळाशी

रॉयटलिंगेन, डिसेंबर १९७३

सौ. हेडविगताईस धाकट्या ऑटमारचा नमस्कार (गुडघे गारठल्यामुळे तूर्त उभ्यानेच). भावोजींची कंबर, तुझी गाय आणि शेगडीसाठी अंगणात रचलेली लाकडं सगळं खुशाल असेल. आमचं विचारू नकोस.

ताई, मला भीती वाटते. आपल्या देशात तेल निघतं ते औषधापुरतं, बाकी सगळं बाहेरून यायचं. आता अरबांनी हात आखडता घेतलाय आणि घर तापवायचं तेल तळघरातल्या टाकीत तळाला गेलंय. बाबांची छाती तुला ठाऊक आहे. मागच्या हिवाळ्यात घर ऊबदार असूनही डॉक्टर बोलवावे लागले. यंदा घर गारठलं तर बाबांना उन्हाळा दिसेल का?

तेलवाले म्हणतात, फक्त जुन्या गिऱ्हाइकांना देऊ. मी कुणाचं जुनं गिऱ्हाईक? दर उन्हाळ्यात गावभर चौकशी करून जिथे जरा स्वस्त तिथे टाकी भरत आलो (आपल्या श्वाबेन मुलखात याला अक्कल म्हणतात), आणि वर गुत्त्यात बसून त्याच्या बढाया मारल्या. तेलवाल्या श्लेगलने ओळखच दाखवली नाही. बॉयर्लेने दाखवली, ते जास्त वाईट झालं. म्हणाला, "गेल्या वर्षी ज्याच्याकडून भरलंत, त्याच्याकडेच जा की!" मग आमची सौ. लोरे त्याच्या बायकोकडे केक घेऊन गेली. केक त्यांनी ठेवून घेतला.

तेव्हापासून मी उठता-बसता टाकीत काठी बुडवून बघतो. लोरे म्हणते, निम्मं तेल काठीला लागूनच वर येतंय. त्यात तेल वाचवायला सरकारने रविवारी गाड्यांना बंदी घातलेली. अख्खं गाव हमरस्त्याच्या मधोमध फिरायला, पाद्रीबुवा घोडागाडीत, नुसती जत्रा. मला मात्र एकही गाडी नसलेला तो रस्ता बघून दरदरून घाम फुटला (आणि तोही लगेच गारठला).

तुझा,
ऑटमार

ता. क. खरं काम राहिलंच. बाबांना हिवाळाभर तुझ्याकडे ने. सोमवारी भावोजींना गाडी घेऊन पाठव.

ता. क. दुसरा. पत्र बाबांनी वाचलं. म्हणाले, "दोन लढाया काढल्यात मी, मी कुठं जात नाही. त्यालाच ने म्हणावं. सारखा खाली-वर करतो, तळघराचं दार उघडं टाकतो, घरात थंडी येते ती तिथून." लोरेने लगेच माझी बॅग भरायला घेतली. पण बाबांना इथे सोडून तिकडे मला झोप लागेल का? ताई, तूच ये ग.