दुसरा भोंगा

४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

अ. उ. आ.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. शिवाय एवढ्या मोठ्या साहेबाला टिल्लू म्हणणारं आता माझ्या आणि आईशिवाय उरलंय कोण? ती चैनही करून घेते.

तुमच्या कंपनीने छावणीचा पार कायापालट केला आहे. लष्कर गेल्यावर इथे कुत्रंही फिरकत नव्हतं. आता विमानांच्या हँगरमध्ये लोक कमरेला दोर बांधून भिंती चढतात आणि धावपट्टीवरून तारेला लोंबकळत किंचाळत जातात. मी शाळेत शिकवलेली मुलं हेल्मेट घालून दारात ‘मजा करा’ म्हणत उभी असतात. त्यांच्या पोटाची सोय झाली, तेव्हा मी नावं ठेवत नाही.

मुद्दा भोंग्याचा आहे. बंकरमधल्या तुमच्या ‘हवाई हल्ल्याचा थरार’ या खेळासाठी सकाळ-दुपार जुना भोंगा वाजतो. तो ऐकला की आई हातातलं टाकून, चादर आणि पाण्याची बाटली घेऊन बंकरकडे निघते. सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नाही, पण ती वाट चुकत नाही. कोपऱ्यात जाऊन बसते आणि काही केल्या उठत नाही.

युद्ध झालं तेव्हा तू चार वर्षांचा होतास, म्हणून सांगते. वरखाली होत वाजणारा भोंगा म्हणजे धोका. नंतरचा एकसुरी, लांबलचक भोंगा म्हणजे धोका टळला, बाहेर या. बाबा त्या दिवशी वर्कशॉपची भट्टी चालू राहिली म्हणून दुसऱ्या भोंग्याआधीच बाहेर पडले, आणि आपण पोरके झालो. तेव्हापासून दुसरा भोंगा ऐकल्याशिवाय आईने आपल्याला कधी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. तुमची कंपनी फक्त पहिला वाजवते. मग आईने उठायचं तरी कशावर? मी खोटंच सांगते, वाजला गं. ती म्हणते, माझे कान अजून शाबूत आहेत.

तेवढा दुसरा भोंगा वाजवायला सांग. मी आणखी काही मागत नाही.

घरात सगळ्यांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो जरा कामातही दिसू दे.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पाकिटावर ‘टिल्लूसाहेब’ वाचून शिपायापासून सगळं ऑफिस हसलं. आता माझा इथे कोणाला धाक राहणार नाही.

आईचं वाचून वाईट वाटलं. भोंग्याची कल्पना माझीच, त्यामुळे जास्तच. पण ताई, खरं सांगतो, लोक लांबलांबून येतात ते त्या भोंग्यासाठी. तो बंद केला तर तुझ्या त्या हेल्मेटवाल्या विद्यार्थ्यांनाच घरी बसावं लागेल.

दुसऱ्या भोंग्याचं मी विचारलं. सल्लागार म्हणतात, तो वाजला की लोकांचा थरारच उतरतो. छाती धडधडत असतानाच बाहेर काढलं तर ते सरळ तारेच्या रांगेत जाऊन उभे राहतात. आता मी एकटा तरी किती भांडणार? तोवर आईला मागच्या खोलीत ठेव आणि कानात कापूस घालून बघ. बंकरच्या दारावरच्या माणसालाही सांगून ठेवतो, तिला आत सोडू नकोस म्हणून.

तब्येतीला जप. धाकट्यावर राग धरू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
टिल्लू

२३ मार्च

चि. टिल्लूस,

अ. आ.

कापूस आईने काढून फेकला. खोलीला कडी लावली तर तळहात सुजेपर्यंत दार बडवत राहिली. टिल्लू बाहेर आहे, मला जाऊ दे, म्हणून रडत होती. मीच कडी काढली. असा तुरुंग मला जमायचा नाही.

तुझा दारावरचा माणूस तिला अडवत नाही. उलट ‘या आजी’ म्हणून पुढच्या बाकावर बसवतो. लोकांना वाटतं, ही कंपनीचीच बाई आहे. परवा ती एका पाहुण्याच्या मुलाचं मनगट धरून बसली, वाजल्याशिवाय जायचं नाही म्हणाली. ते पोर भेदरून रडायला लागलं आणि त्याचे आईबाप कौतुकाने फोटो काढत होते. काल तुमचा मॅनेजर घरी येऊन आईच्या नावाचा पास देऊन गेला. रोज या म्हणाला.

बंकरमध्ये ओल आहे. आईचा खोकला छातीत उतरला आहे. डॉक्टरांनी तिथे बसू देऊ नका म्हणून बजावलं. ‘तिला माझ्याकडे घेऊन जातो’ असं तू म्हणशील म्हणून मी तीन वेळा फोन केला. तुझ्या बायकोने सांगितलं, घर लहान आहे. असेलही.

तेव्हा पुन्हा तेच मागते. दुसरा भोंगा वाजव, म्हणजे ती आपणहून उठून घरी येईल. मोठी बहीण असून हात जोडते आहे, याची तरी लाज ठेव.

ताई

६ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

रागावू नकोस. इथे आईचं किती कौतुक चाललंय याची तुला कल्पना नाही. येऊन गेलेला प्रत्येक जण ‘बंकरमधल्या आजी’बद्दल लिहितो. वरच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटली. अशा वेळी मी भोंग्याचा विषय काढला तर सगळ्या केल्या कामावर पाणी पडेल. हंगाम संपू दे, मग नक्की करून घेतो.

आणि एक सांगू का? घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा ती चार माणसांत असते, हे काय वाईट आहे? मी मॅनेजरला तिच्यासाठी गादी आणि शेगडी ठेवायला सांगितलं आहे. औषधात कसर करू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
टिल्लू

२ जुलै

टिल्लू,

आईचं सगळं उरकून तू त्याच दिवशी परतलास, त्यामुळे सांगायचं राहिलं. इस्पितळात शेवटपर्यंत ती विचारत होती, वाजला का? मी हो म्हटलं. तिने माझ्याकडे पाठ केली. या भोंग्याचं सोडलं तर तिच्याशी मी आयुष्यभर खोटं बोलले नव्हते, आणि शेवटीही तेवढंच केलं.

काल बाजारात निघाले होते. भोंगा झाला आणि पाय सवयीने बंकरकडे वळले. पुढच्या बाकावर एक बाई बसली होती, चाळिशीची असेल. केसांना पांढरा रंग, पाठीला पोक. तिने एका मुलाचं मनगट धरलं आणि म्हणाली, टिल्लू, अजून वाजला नाही रे, बस माझ्याजवळ. तुझ्या कंपनीने हे वाक्य चांगलं टिपून ठेवलं आहे. बाई काम छान करते. दोन-तीन जणींनी डोळे पुसले.

आणि मग दुसरा भोंगा वाजला. तसाच, एकसुरी, लांबलचक. त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई उठली, पाठ सरळ केली आणि लोकांबरोबर हसत बाहेर गेली. दारावरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, या बाईंचं आजीचं काम सुरू झालं तेव्हापासून वाजतो, शेवट गोड होतो म्हणून. मोठ्या साहेबांनीच मंजुरी दिली. मोठे साहेब कोण, तर त्याने तुझं नाव सांगितलं.

आईसाठी तो तुझ्याने वाजवला गेला नाही. आईचं सोंग घेणारीसाठी वाजवलास.

रीतीप्रमाणे इथे लोभ मागायचा असतो. मला तुझा नको.

ताई