दाराच्या कडीला पावाची पिशवी

बाबा,

तुमच्यावर रागावून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्या आठवणीने रडले, हसले, लोकांना तुमच्या गोष्टी कौतुकाने सांगितल्या, पण असा राग कधी आला नव्हता. लॉकडाउनमुळे माझं डोकं ठिकाणावर नाही म्हणून येतोय का, असंही स्वतःला विचारून पाहिलं. सिडनीच्या ज्या भागात आम्ही राहतो तिथे घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी आहे, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालतं, आणि समुद्राकडच्या वस्तीतले लोक किनाऱ्यावर उन्हात बसलेले बातम्यांत दिसतात. मी रोज वेस्टमीडला लॅबमध्ये जाते, दिवसभर स्वॅब तपासते, परत येते. त्याचाही राग आहेच, पण तो आमच्या सगळ्या गिरावीन उपनगराला आहे. हा मात्र माझा एकटीचा आहे आणि फक्त तुमच्यावर आहे.

गेल्या महिन्यात तियाच्या नातीची मेल आली. 'तिया' म्हणजे मावशी, सगळी गल्ली तिला तेच म्हणायची, म्हणून आपणही म्हणायचो. तुमच्या कंपनीने मासेमारीच्या बोटींना इंजिनं बसवून द्यायला तुम्हाला पोर्तुगालमधल्या त्या लहानशा बंदरगावात दोन वर्षांसाठी पाठवलं, आणि तुम्ही, आई आणि मी तिच्या घराच्या वरच्या खोल्यांत राहिलो. मी नऊ वर्षांची होते. ते घर तिचं आहे असंच मी धरून चालले होते. ते तिचं नव्हतं. ती स्वतः भाडेकरू होती, लग्न होऊन आल्यापासून, तोंडी बोलीवर. आता मूळ मालकाच्या वारसांना ते घर पर्यटकांसाठी रिकामं करून हवं आहे. नातीने लिहिलं होतं की साथ चालू आहे तोवर कोणाला घराबाहेर काढता येत नाही, पण ती ओसरली की आजीला निघावं लागेल. ठरावीक सालाच्या आधीपासून राहत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला कायद्याचं संरक्षण आहे, पण आधीपासून राहत होती हे दाखवणारा कागद हवा, आणि वारस म्हणतात की ही बाई नंतर आली. जुने शेजारी एक तर गेले, नाही तर घरं विकून मुलांकडे राहायला गेले. पुढे तिने विचारलं होतं: 'आजी म्हणते, तुम्ही परत गेल्यावर ती दर नाताळाला तुमच्या वडिलांना पत्र लिहायची. ती पाकिटं तुमच्याकडे असतील का? पाकिटावर मागे तिचा पत्ता आणि पुढे पोस्टाचा शिक्का असेल.'

पाकिटं. बाबा, ती पाकिटं आपण काय केली ते तुम्हाला आठवतं ना? रविवारी सकाळी ताटलीत कोमट पाणी, कात्री, जुना पेपर. पाकिटाचा स्टॅम्पचा कोपरा कापून पाण्यात सोडायचा, कागद सुटला की स्टॅम्प पेपरवर उपडा वाळवायचा आणि तुमच्या इंजिनांच्या जाड पुस्तकात दाबून ठेवायचा. उरलेली पाकिटं बंबात. 'उगाच कचरा साठवायचा नाही' असं तुम्ही म्हणायचात. माझा अल्बम मी इकडे येताना सामानातून आणला होता. मेल वाचल्यावर तो काढून बसले. पोर्तुगालची तीन पानं आहेत. प्रत्येक स्टॅम्पवर शिक्क्याचा चतकोर तुकडा आहे, कुठे गावाच्या नावातली तीन अक्षरं, कुठे नुसतीच वाकडी रेघ. साल एकावरही नाही. साल पाकिटावर राहिलं आणि पाकिटं आपल्या अंघोळीच्या पाण्याखाली जळाली.

पण तेवढ्यासाठी मी तुमच्यावर रागावले नसते. तो आपला दोघांचा मूर्खपणा, आणि त्यातला अर्धा माझा, कारण कात्री माझ्या हातात असायची.

आधी ती पहिली सकाळ सांगते, कारण तुम्ही ती जन्मभर सांगत आलात. आपण आदल्या संध्याकाळी पोचलो होतो. आईने सकाळी दार उघडलं तर कडीला चौकड्यांच्या कापडाची पिशवी आणि आत चार गरम पाव. कोणीतरी विसरून गेलं असं आईला वाटलं. ती पिशवी हातात घेऊन, साडीखाली तुमचे मोजे घालून, मला बोटाला धरून दारोदार निघाली. प्रत्येक दारात पिशवी पुढे करायची आणि मराठीत विचारायची, 'तुमची का हो?' प्रत्येक दारातली बाई हसायची, मान हलवायची, आत नेऊन काहीतरी खायला घालायची आणि पुढच्या दाराकडे बोट दाखवायची. शेवटी तिया धावत आली आणि तिने गल्लीतल्या सगळ्या कड्या दाखवल्या. प्रत्येक कडीला अशीच एकेक पिशवी. पाववाला उजाडायच्या आत येऊन ज्याचे त्याचे पाव घालून जायचा. आपण येणार म्हणून तिने आपल्यासाठी पिशवी शिवून ठेवली होती. दुपारपर्यंत सगळी गल्ली आपल्याला ओळखत होती. पुण्यात पाहुणे आले की तुम्ही हे रंगवून सांगायचात आणि शेवटी म्हणायचात, 'माणसं बघावीत तर तिथली. आणि इथे शेजारचा मेला तरी कळत नाही.' आई आतून ओरडायची, 'मोज्यांचं सांगायची काही गरज आहे का दर वेळी?'

आणि दुसरी एक सकाळ, जी तुम्ही कधी सांगितली नाहीत. समोर जाळी विणणारे एक आजोबा राहायचे. शाळेत जाताना मी त्यांच्या पिशवीतल्या पावाचा कडक कोपरा मोडून खाल्ला, तुम्ही खिडकीतून पाहिलंत. खाली येऊन तुम्ही माझा कान धरलात. मारलं नाही. पण तसा आवाज मी तुमच्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही. 'लोक दार उघडं ठेवतात ते तुझ्यासारखीने हात घालावा म्हणून नाही. घेतलंस ना? आता परत द्यायचं.' दुसऱ्या दिवशी माझ्या वाटणीचा पाव मी त्यांच्या पिशवीत घातला आणि उपाशी शाळेत गेले. मी आजही कोणाचा डबा रिकामा परत करत नाही. समोरच्या तमिळ बाई या लॉकडाउनमध्ये दाराला इडलीच्या पिठाची पिशवी अडकवून जातात, की तासाभरात माझं काहीतरी त्यांच्या दाराला लागलेलं असतं. माझी मुलगी म्हणते, 'मम, चिल. इट्स नॉट अ कॉम्पिटिशन.' तिला काय सांगू, की हे तुम्ही माझ्या कानातून आत घातलंय.

आता ते पत्र. पाकिटं गेली तरी आतली पत्रं बिस्किटांच्या डब्यात आहेत. तोही मीच इकडे आणला आणि कपाटाच्या वरच्या खणात टाकला. कधी वाचली नाहीत, कारण मला पोर्तुगीज येत नाही. शाळेत शिकलेलं सगळं पुसलं गेलं. या महिन्यात एकेक कागदाचा फोटो काढून नातीला पाठवला. तारखा हाताने लिहिलेल्या आहेत, त्यांचा उपयोग नाही, असं तियाचा वकील म्हणाला. पण एका पत्राचं इंग्रजी करून पाठवताना तिने वर लिहिलं, 'हे तुम्हाला माहीत होतं का?'

ते नाताळाचं पत्र नव्हतंच. मार्चमधलं आहे, तुम्ही जायच्या सहा वर्षं आधीचं. तिया लिहिते: 'साहेब, घराचा मालक वारला. त्याचा मुलगा कागद मागतो. तुम्ही एक ओळ लिहून पाठवा की त्या सालात तुम्ही बायको-मुलीसह माझ्याकडे वर राहत होतात. तुम्ही इंजिनियर आहात, तुमच्या शब्दाला मान देतील. मुलीला पापा.'

हे पत्र आलं ती संध्याकाळ मला आठवते, कारण एरवी पत्र डिसेंबरात यायचं आणि हे परीक्षेच्या दिवसांत आलं. मी विचारलं, 'काय म्हणते तिया?' तुम्ही कागदावर नजर फिरवलीत, घडी घातलीत आणि म्हणालात, 'बरी आहे. पाव अजून येतो म्हणते.' मग ताटाकडे वळून आईला ताक मागितलंत.

काल आईला व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, 'आई, बाबा ती पत्रं कोणाकडून वाचून घ्यायचे?'

'कोणाकडून घेणार? दोन वर्षं आभाराचं ओब्रिगादो आणि नमस्काराचं बों दिया, एवढ्यावर काढली त्यांनी.'

'मग आपल्याला सांगायचे ते?'

'ते आपलं अंदाजाने. दर वर्षी ती वेगळं काय लिहिणार होती?'

'शेजारच्या बिल्डिंगमध्ये त्या गोव्याच्या बाई होत्या ना? शाळेत पोर्तुगीज शिकलेल्या?'

'होत्या की. मी म्हटलं होतं एकदा. तर म्हणाले, कशाला उगाच लोकांना त्रास.' मग फोन तोंडाजवळ आणून म्हणाली, 'आणि हे बघ, गेलेल्या माणसाशी भांडू नकोस. जेवलीस का?'

उगाच लोकांना त्रास! बाबा, दोन वर्षं तुम्ही त्या लोकांच्या त्रासावर जगलात. तियाने मला शाळेत घातलं, आईच्या तापात आठवडाभर तिच्या उशाशी बसली, निघताना ती पिशवी भरतकाम करून हातात दिली. आणि त्याची परतफेड म्हणून तुम्ही काय केलंत, तर पुण्यात पाहुण्यांपुढे तिचं कौतुक. माणसं बघावीत तर तिथली, म्हणजे नुसती बघावीतच. त्यांनी एकदा काही मागितलं तर कागद कोणाकडून वाचूनही घ्यायचा नाही. माझा कान धरताना तुमचं जे होतं ते कुठे गेलं?

मी न्यायाने बोलते आहे का? नसेन. त्या वर्षी तुम्हाला पहिला झटका आला होता, पण जूनमध्ये. मार्चमध्ये तुम्ही ठणठणीत होतात, रोज सायकलने जात होतात. हे मी आईकडून दोनदा विचारून घेतलं. तुमच्या बाजूने काही सापडावं म्हणून विचारलं, की सापडू नये म्हणून, ते सांगता येत नाही.

आणि हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. साथ यायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी नवरा-मुलीला घेऊन त्या गावी गेले होते. राहिलो कुठे माहीत आहे? जाळी विणणाऱ्या आजोबांच्या घरात. आत पांढऱ्या भिंती आणि भिंतीवर शोभेला टांगलेलं जाळं. किल्ली द्यायलाही कोणी नव्हतं, कडीशेजारी आकड्यांची काळी डबी, तिचा नंबर फोनवर आला. गल्लीभर कड्यांना त्याच डब्या. पिशव्या मोजून दोन. पाववाला गल्लीत येत नाही, नात बेकरीतून आणून अडकवते. तियाने मला दारात पाहिलं आणि गालाला हात लावून लहानपणी हाक मारायची तशी हाक मारली. दुसऱ्या दिवशी आमच्या त्या काळ्या डबीवर पावाची पिशवी लटकत होती. निघायच्या दिवशी तिने काहीतरी विचारलं. नात म्हणाली, 'शी इज आस्किंग, तुमच्या वडिलांना तिचं पत्र मिळालं होतं का?' मी म्हणाले, 'हो तर, ते नेहमी तुझी आठवण काढायचे.' कोणतं पत्र, असं मी विचारलं नाही. म्हातारीच्या तोंडाकडे पाहून ते विचारायला हवं होतं हे मला तेव्हाही कळलं होतं. पण टॅक्सी उभी होती आणि मलाही उगाच खोलात शिरायचं नव्हतं. विमानतळावर बसून त्या घराला पाच स्टार दिले. लिहिलं की गाव अजून जसंच्या तसं आहे आणि लोकल्स इतके फ्रेंडली की विचारू नका. काल जाऊन पाहिलं, अजून आहे ते तिथे. खाली कोणीतरी 'हेल्पफुल' अशी खूण केली आहे. नात सांगते की लॉकडाउनच्या पहिल्या दोन महिन्यांत अख्ख्या गल्लीत फक्त तिच्या आजीच्या खिडकीत दिवा होता. फ्रेंडली लोकल्सपैकी उरलेली ती एकटी, आणि तिचंही घर आता माझ्यासारख्यांना हवं आहे.

वकील म्हणाला, पाकिटं नसतील तर राहिलेल्या माणसाचं शपथपत्र पाठवा, आधी तेवढ्याने काम सुरू करतो. मी तीन दिवस लिहीत होते. घर, वरच्या खोल्या, शाळेचा वर्ग, गल्लीतली दारं, पाववाला, पिशवी. जेवढं मला स्वतःला आठवतं तेवढंच, सालासकट. त्याने तियाचं घर वाचेल की नाही याची खात्री नाही. ती नव्वदीच्या घरात आहे, आणि तुमच्या एका ओळीची जी किंमत तेव्हा होती ती माझ्या तीन पानांची आता असेलच असं नाही. आज सकाळी ते घेऊन फार्मसीत गेले, इथे फार्मासिस्टसमोर सही चालते. लस घेणाऱ्यांची रांग सांभाळत त्याने मास्कवरून पानं चाळली. 'पोर्तुगाल, हं? लव्हली.' मग शेवटच्या पानावर थांबला आणि नियमाप्रमाणे विचारलं, 'ऑल ट्रू, येस?'

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. तिच्या त्या मार्चच्या पत्राखाली, बिस्किटांच्या डब्यात ठेवून देते. पण एवढं तुम्हाला सांगून ठेवते. त्या शपथपत्राच्या शेवटच्या पानावर मी एक ओळ घातली आहे: 'माझ्या वडिलांना हे तेव्हाच लिहून पाठवायचं होतं, आजारपणामुळे राहून गेलं.' खोटं लिहिलं तर गुन्हा आहे, असं सहीच्या जागेखालीच छापलेलं असतं. मी ते वाचलं, फार्मासिस्टला 'येस' म्हटलं आणि सही केली.