सगळा रंग निघाला

सालवड, बोईसर
१३ जुलै २०२५

प्रिय रूपालीताई,

सुगंधाचा नमस्कार. ह्यांच्या तेराव्याला तुम्ही सगळं अंगावर घेऊन केलंत आणि तुम्ही निघताना मला तुमच्याशी दोन शब्दही बोलता आले नाहीत. उदगीरला नीट पोहोचलात हे भाऊजींकडून कळलं. स्वराची शाळा सुरू झाली असेल.

इथे सगळं ठीक म्हणायचं. मी परत पॅकिंगला जाऊ लागले आहे. ठेकेदाराने ह्यांचे बूट आणि डबा घरी पाठवले. डबा घासून ठेवला आहे.

फोनच करणार होते. पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि तुमच्या सासूबाई शेजारी बसलेल्या असतात. हे पत्र तुम्ही एकटीने वाचा.

तुमच्या दादांना न्यूमोनिया झाला होता असं मी सगळ्यांना सांगितलं. तो टीबी होता.

डिसेंबरात कळलं. सरकारी केंद्रातून गोळ्या मिळाल्या, फुकट. सहा महिने रोज घ्यायच्या. पण दर महिन्याच्या गोळ्या आणायला सकाळी दहानंतर जावं लागे, म्हणजे कामावर खाडा. एक खाडा झाला की हजेरीचे जादा पैसे जातात, दोन-तीन झाले की जागेवर दुसरा माणूस उभा राहतो. माझंही तसंच. मीच त्यांना म्हणायचे, पुढच्या आठवड्यात जा.

त्या गोळ्यांनी लघवी लाल होते. हे कंपनीत रंगाच्या पावडरीच्या खात्यात होते. त्यांची नखं, त्यांची उशी तुम्ही पाहिलेली आहे. त्यांना वाटलं, बारा वर्षं छातीत बसलेला रंग गोळी बाहेर काढते आहे. मलाही ते पटलं. फेब्रुवारीच्या शेवटी गोळ्या संपल्या, आणायला जमलं नाही, आणि दोन दिवसांनी लघवी साफ आली. हे संडासातून ओरडतच बाहेर आले, "सुगंधा, निघाला बघ सगळा रंग!" खोकला थांबला होता, वजनही वाढलं होतं. त्या दिवशी मी शिरा केला.

एप्रिलात खोकला परत आला. केंद्रात गेलो तर गोळ्या का सोडल्या म्हणून बोलतील, म्हणून नाक्यावरच्या खासगी डॉक्टरकडे जायला लागलो. दर रविवारी सलाईन. पैसे दिले की औषध खरं वाटतं, ताई. हे म्हणायचे, "एका बाटलीत चार दिवस पळतो मी, स्कूटरसारखा." सोमवारी कामावर हजर.

मेमध्ये स्वरा आली. तिला पाठवू नका असं मी सांगायला हवं होतं. कारण काय सांगू ते सुचलं नाही. आमची एकच खोली, मधे पडदा. ती मामाजवळच झोपायची.

केंद्राच्या हंसाताई घरोघर फिरतात. एक दिवस त्या दारात आल्या. "वैनी, शिवाजीभाऊ हाय काय घरात? गोळ्या नेल्या नाय त्यांनी." घरमालकीण बाहेरच तांदूळ निवडत बसली होती. तिला कळलं असतं तर खोली गेली असती. मी म्हटलं, "गावाला गेलेत."

माझ्या मागून स्वरा म्हणाली, "मामी, मामा तर आत झोपलाय!"

मी तिच्या दंडाला चिमटा काढला आणि हसून म्हटलं, "माझा भाऊ आलाय, तो झोपलाय." हंसाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "बरं. आले का सांगा. कोणी रागवणार नाय," म्हणाल्या आणि गेल्या.

महिन्याभरात हे गेले.

स्वराला तपासून घ्या, ताई. ती ठणठणीत असेल, तरी छातीचा फोटो काढा. फोटो चांगला आला तरी पुढे आजार होऊ नये म्हणून गोळ्या देतात. किती आणि किती दिवस ते डॉक्टर सांगतील. धडधाकट पोरीला गोळ्या कशाला, असं सासूबाई म्हणतील. ह्यांनीही बरं वाटतंय म्हणूनच सोडल्या होत्या. एकही चुकवू देऊ नका.

तेराव्यानंतर मी स्वतः हंसाताईंकडे गेले. त्यांनी खुर्ची पुढे केली. त्यांनी दिलेली चिठ्ठी सोबत आहे, ती तुमच्या तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवा. माझ्याही गोळ्या सुरू झाल्या आहेत. स्वराची लघवी लाल झाली तर घाबरू नका. तो औषधाचाच रंग असतो. आतून काही निघत नसतं.

घरात काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. दोष माझ्यावर घाला, चालेल. माझ्याशी बोलला नाहीत तरी मी समजेन. फक्त स्वराने पहिली गोळी घेतली की एक मिस्ड कॉल द्या. मी उचलणार नाही.

त्या चिमट्यानंतर ती जाईपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. तिला सांगा, तिचं बरोबर होतं. मामा आतच होता. खोटं मामी बोलली.

तुमच्या दादांच्या घरातून,
सुगंधा