झेंडूवरचा आळ

राजाजीनगर, बेंगळुरू
९ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
आसावरीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे पाऊस आणि आमची गाडी यांचं वाकडं आलं आहे. सर पडली की डॅशबोर्डखाली फ्यूजच्या डब्यावर पाणी टपकतं आणि गाडी भर रस्त्यात बंद. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, दसऱ्याच्या आयुधपूजेला गाडीवर वाहिलेल्या झेंडूच्या पाकळ्या पुढच्या काचेखालच्या पन्हळीत अडकल्या, म्हणून पाणी आत शिरतं. सुशांतने हे घरी आईसकट सगळ्यांदेखत सांगितलं.

पूजा सासूबाईंची! तेव्हापासून त्या गाडीत पाऊल ठेवत नाहीत. के. आर. पुरमला आजारी बहिणीकडे जाणंही सोडलं. माझ्याच हाताने वाटोळं झालं म्हणतात. सुशांत गाडी विकायला निघालाय. मी मात्र १९ तारखेच्या रविवारी स्वतः उघडून बघणार आहे.

माया आहेच, ती अशीच राहू द्यावी.
आपली,
आसावरी

नागपूर
१४ ऑक्टोबर

चि. आसावरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू आठवीत उघडलेला रेडिओ अजून मुका आहे, हे विसरू नकोस. गाडी कंपनीने बनवली, डोकं त्यांनी खाजवावं. पण तू ऐकणार नाहीस, म्हणून सांगतो: आधी बॅटरीची तार काढ. आणि विहीणबाईंना जप. गाडी काय, दुसरी घेता येईल.

पत्र लवकर टाक, तुझी आई काळजीत आहे.
बाबा

राजाजीनगर
२४ ऑक्टोबर

ती. बाबांस शि. सा. न.

पन्हळीतून चिमूटभर पाकळ्या निघाल्या. त्या काढून पाणी ओतलं, तरी टपटप चालूच! टॉर्च लावून पाहिलं, तर दोन पत्र्यांच्या जोडावर फट बुजवायला कारखान्यात भरलेलं सीलंट अर्ध्यावरच थांबलेलं. वर प्लास्टिकचं झाकण, म्हणून दिसत नाही. याच मॉडेलच्या इतर मालकांनीही इंटरनेटवर हेच रडगाणं गायलंय.

इथल्या शिवाजीनगरहून सीलंट आणलं. दुकानदार म्हणाला, नवऱ्याला पाठवा. मी हलले नाही, तेव्हा ‘सरी अक्का’, म्हणजे ‘बरं ताई’, म्हणत नळी काढून दिली. जोड घासला, कोरडा केला, भरला, नीट वाळू दिला. मग बादली सासूबाईंच्याच हाती दिली आणि सुशांतला आत बसवलं. एक थेंब नाही! त्यांनी खात्रीसाठी आणखी एक बादली ओतली. सुशांतने तिथेच त्यांची माफी मागितली.

बाबा, मला माझा फार अभिमान वाटतोय.
तुमची लेक,
आसावरी

राजाजीनगर
५ नोव्हेंबर

श्री. योगीराजरावांस,
तुंगाबाईचा सप्रेम नमस्कार वि. वि.

काल पाऊस कोसळत असतानाच मी सुनेला गाडी काढायला लावली. के. आर. पुरमपर्यंत सारखी पायांशी हात लावून बघत होते, सगळं कोरडं. बहिणीची तब्येत विचारायच्या आधी मी सुनेचं कौतुक सांगितलं.

शेजारच्या रूपश्रीची गाडीही त्याच जातीची, तशीच गळते. आमची आसावरी करून देईल, असं मी परस्पर कबूल करून बसले. तिने स्वल्प डोळे वटारले, पण सीलंटची नळी शोधायला लागली. माझ्यावरचा आळ तिने पुसला, हे मी जन्मात विसरणार नाही.

तुमच्याबद्दल मात्र तक्रार आहे. लग्नाच्या बोलणीत तासभर मुलीच्या गाण्याचं कौतुक ऐकवलंत. ही विद्या का लपवलीत?

आमच्या घरावरचा लोभ वाढता ठेवावा.
आपली,
तुंगाबाई